पावसाळी सरावाचा शनिवार-रविवार: सायकलस्वाराच्या खिशाला किती पडतो?

शनिवारी नव्वदच्या आसपास किलोमीटर, रविवारी साठच्या आसपास, दोन्ही दिवस पाऊस गृहीत धरून. गोंदियाजवळच्या कुडव्यात राहणाऱ्या सायकलस्वाराने जुलै-ऑगस्टात सरावाचा असा एक कसदार शनिवार-रविवार काढायचं ठरवलं, तर त्या दोन दिवसांत खिशातून साडेतीनशे रुपयांच्या आसपास जातात. चेन, टायर, ब्रेकपॅड यांची झीज धरली तर आकडा साडेपाचशे-सहाशेवर पोचतो. बरेच जण पहिलाच आकडा हिशेबात धरतात. मग सप्टेंबरात दुकानदार चेनसोबत मागची कॅसेटही बदलायला सांगतो आणि आपल्याला लुटल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा त्यात दुकानदाराचा दोष नसतो. ते पैसे जुलैतच खर्च झालेले असतात, बिल तेवढं उशिरा हातात येतं.

खाली दिलेले दर गिअरची साधी हायब्रीड किंवा सुरुवातीची रोड सायकल धरून काढलेले ढोबळ बाजारभाव आहेत. गोंदिया, नागपूर आणि ऑनलाइन यांत दहा-वीस टक्के कमी-जास्त होणारच. सायकल आहे असं मी धरून चालतो. नवी घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पूर्वी करासकट २०,००० ला पडणारी सायकल त्याच मूळ किमतीला १८,७५० च्या आसपास पडायला हवी. जुन्या छापील किमतीचा माल कुणी जुन्याच भावात गळ्यात मारत असेल तर बिलावरचा कराचा दर वाचा आणि तिथल्या तिथे विचारा.

हंगाम नसताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न घरचेही विचारतात. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे खरे दिवस दिवाळीनंतरचे. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा सकाळी नऊनंतर रस्त्यावर राहणं म्हणजे प्रकृतीशी खेळ. थंडीत नागपूरकडे ब्रेव्हे करायची असेल, तर पाय तयार करायला उरतात पावसाळ्याचेच तीन-साडेतीन महिने. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं असतं. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास. भागाकार करून पाहा, दोनशेच्या ब्रेव्हेला ताशी पंधराचीही सरासरी लागत नाही, तीही चहा आणि पंक्चर धरून. म्हणजे वेग कमावण्यापेक्षा खोगिरावर तासन्‌तास बसण्याची आणि दमलेल्या पायांनी पुन्हा पेडल मारण्याची सवय जास्त कामाची. लागोपाठ दोन दिवस सायकल काढायची ती यासाठी. शनिवारी पाय थकवायचे आणि रविवारी त्याच थकल्या पायांकडून काम घ्यायचं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही जवळपास पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. आपल्यासारख्याच सपाट मुलखातला माणूस. घाट नाहीत म्हणून सराव होत नाही, ही तक्रार तेव्हापासून कुणी मनावर घेत नाही.

रस्ता निवडताना परतीचा खर्चही धरा

शनिवारचा लांब पल्ला आमगाव-सालेकशाकडे न्यावा, असं माझं मत आहे. कुडव्यातून गोंदिया शहर ओलांडून आमगाव आणि पुढे सालेकसा गाठून परत आलात, की नव्वदच्या घरात अंतर भरतं. दम असेल तर दरेकशापर्यंत जाऊन हाजरा धबधब्याकडे वळता येतं, पण तिथे पावसाळी शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची झुंबड असते. सायकलचा सराव आणि धबधब्याची सहल एकाच दिवशी उरकू नये.

या रस्त्याची खरी किंमत संकटात कळते. गोंदिया-डोंगरगड लोहमार्ग जवळून जातो आणि आमगाव, सालेकसा, दरेकसा ही तिन्ही स्थानकं त्यावर आहेत. सायकल मोडली, ताप भरला, पाऊस थांबेना, तर माणसाला काही रुपयांत घरी पोचवणारी गाडी मिळते. सायकल मात्र बुकिंग केल्याशिवाय डब्यात चढवू नका. स्थानकावर सामान-पार्सलची सोय आहे का ते आधी विचारा. पावतीविना सापडलात तर दंड भाड्यापेक्षा कितीतरी जड पडतो. दुसरा उपाय छोटा हत्ती किंवा पिकअपचा. किलोमीटरला पंधरा-वीस रुपये धरले तर सालेकशाहून कुडव्यापर्यंत सातशे-नऊशे रुपये होतात. भाव ठरवूनच सायकल वर चढवा आणि खाली जुनं पोतं टाकायला सांगा, नाहीतर गिअरचा हँगर वाकतो आणि आणखी पाचशेचा खड्डा पडतो. चार जण मिळून निघालात तर हाच खर्च वाटला जातो. ज्याच्याकडे फोन करून बोलावण्यासारखा गाडीवाला भाऊ किंवा मित्र आहे, त्याचे हे पैसे वाचतात. त्याला शुक्रवारी रात्रीच सांगून ठेवावं.

रविवारी तिरोडा. जाऊन-येऊन साठच्या आसपास. वाटेत गंगाझरी, काचेवानी आणि तिरोडा ही नागपूर मार्गावरची स्थानकं आहेत, तेव्हा परतीची तीच सोय इथेही. या रस्त्यावर जड वाहनं असतात, म्हणून सकाळी लवकर निघून नऊच्या आत परतावं. वीस मिनिटं अंगावर येईल इतका जोर, दहा मिनिटं सावकाश, असे दोन-तीन फेर काढले की रविवार वसूल. जोर किती, हे मोजायला यंत्र लागत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर कमी पडतोय, एक शब्दही निघत नसेल तर जास्त होतोय.

गोरेगाव-कोहमारा रस्ता झाडीचा, देखणा. पण मुरदोलीच्या पट्ट्यात तो नागझिऱ्याच्या वाघांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच रस्त्यावर गाडीच्या धडकेने वाघ मेला होता. उजाडण्याआधी आणि दिवेलागणीनंतर तिथे सायकल नेऊ नका. नवेगावबांधला मुक्काम करून दोन दिवसांचा पल्ला मारायचा बेत असेल तर याच वाटेने जावं लागतं. खोली आणि जेवण मिळून माणशी हजार-दीड हजार वेगळे धरा आणि खोली आधी पक्की करा.

पावसाळ्यात या भागात दोन गोष्टी अडवतात. एक रपटे. नाल्याला पूर आला की पाणी रपट्यावरून वाहतं. घोटाभर दिसणारं पाणीही सायकलचं चाक ओढून नेतं, तेव्हा उतरून ढकलत जाऊ हा विचारसुद्धा नको, सरळ मागे फिरा. धरणातून विसर्ग सुरू असेल तर बाघ आणि वैनगंगेच्या काठचे रस्ते ऊन पडलेलं असतानाही बंद होतात. दुसरी, वीज. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज शुक्रवारी संध्याकाळी पाहा आणि पुण्याच्या आयआयटीएमने तयार केलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा. दोन्ही फुकट. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घरात बसून ट्रेनरवर तासभर घाम गाळा. साधा चुंबकी ट्रेनर सहा ते बारा हजारांना येतो. दोघातिघांनी मिळून एक घेतला तर उत्तम, कारण तो लागतो हंगामात चार-पाच वेळा.

पोटाचा हिशेब

इथे फार पैसे लागत नाहीत, लावूही नयेत. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, हा लांब पल्ल्याचा सर्वमान्य ठोकताळा. मध्यम आकाराच्या केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, तेवढीच गुळाच्या एका लहान खड्यात. म्हणजे तासाला एक केळं आणि एक खडा. परदेशी जेलची दीडशे रुपयांची एक पुडी जे करते ते इथे दहा रुपयांत होतं. शनिवारी पाच-साडेपाच तास धरले तर अर्धा डझन केळी तीसेक रुपयांची, गूळ-चिक्की तीस-चाळीस रुपयांची. वाटेत तर्री-पोहे किंवा आलूबोंड्याची प्लेट तीस-चाळीस, दोन चहा वीस. आलूबोंडा खावा, पण परतीच्या वाटेवर. जाताना खाल्ला तर पुढचे वीस किलोमीटर तो आपली आठवण करून देत राहतो.

पावसात तहान लागत नाही आणि माणूस फसतो. रेनकोटच्या आत घाम गळतच असतो. औषधाच्या दुकानातली, लिटरभर पाण्यात घालायची ओआरएसची पुडी वीस-पंचवीस रुपयांना येते. शनिवारी दोन पुरतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आणि साडेवीस ग्रॅमच्या आसपास वजन आहे का ते पाहा. गोड पेयांच्या डब्यांवर 'ओआरएस' लिहून विकण्याला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मज्जाव केला, तरी दुकानातल्या फळीवर नजर ठेवलेली बरी. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. खर्च दोन-तीन रुपये. शनिवारचं खाणं-पिणं दोनशेच्या आत, रविवारचं शंभरच्या आसपास, एवढ्यात भागलं पाहिजे.

खरा खर्च: चिखल

रोवणीच्या दिवसांत आपल्याकडच्या डांबरी रस्त्यावरून लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर एका बांधीतून दुसऱ्या बांधीकडे जातात. मागे चिखलाची ढेकळं पडतात, त्यावर पाऊस पडतो आणि रस्ताभर बारीक मातीचा राप बसतो. तो मडगार्ड नसलेल्या सायकलच्या चाकावरून उडून नेमका चेनवर आणि ब्रेकवर जातो. गाळात वाळू असते, तेलात ती मिसळली की चेनच्या प्रत्येक सांध्यात घासकाम सुरू होतं. कोरड्या मोसमात तीन-चार हजार किलोमीटर चालणारी चेन पावसाळ्यात दोन हजारांच्या आत हात टेकते.

आठ गिअरच्या सायकलची बरी चेन सातशे ते अकराशेला येते. नऊशेची चेन दोन हजार किलोमीटर चालली तर किलोमीटरला ४५ पैसे. आपल्या दीडशे किलोमीटरच्या शनिवार-रविवारी ६८ रुपयांची चेन झिजली. टायरची जोडी अडीच हजारांची आणि आयुष्य चार हजार किलोमीटर धरलं तर ९४ रुपये. दोन्ही चाकांचे ब्रेकपॅड सहाशेचे, पावसाळी आयुष्य दीड हजार किलोमीटर, म्हणजे ६० रुपये. बेरीज २२२. हाच तो न दिसणारा खर्च.

तो कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बादलीभर पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश आणि फाटका बनियन. घरी आल्यावर चहाच्या आधी सायकल. चेन ब्रशने घासायची, पाण्याने धुवायची, बनियनमधून ओढत पुसायची, वाळू द्यायची आणि मग प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकच थेंब. दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून काढायचं, कारण बाहेरून चमकणारी चेन पुढच्या फेरीत तेवढीच जास्त माती गोळा करते. तेल पावसाळी घ्या, दुकानात 'वेट ल्यूब' म्हणून मागा. शंभर-सव्वाशे मिलीची बाटली तीनशे ते साडेचारशेला मिळते. एका वेळी पाच मिली लागतं, म्हणजे पंधरा-वीस रुपये. दुचाकीचं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून कुणी ओतायला सांगेल, ऐकू नका. आणि वॉशिंग सेंटरवर साठ-शंभर रुपयांत प्रेशरने धुऊन घेण्याचा मोह तर अजिबात नको. त्या फवाऱ्याने हबमध्ये आणि पेडलच्या मधल्या धुरीत पाणी घुसतं, ग्रीस निघून जातं आणि महिन्याभरात करकर ऐकू येते.

चेन कधी बदलायची, हे दुकानदाराला विचारायची गरज नाही. पोलादी फूटपट्टी घ्या. चेन ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनची त्यानंतरची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १२ इंचांपुढे एक सोळांश इंच सरकली असेल तर चेन बदला, हजाराच्या आत काम भागेल. एक अष्टमांश इंच सरकेपर्यंत थांबलात तर झिजलेल्या चेनने कॅसेटचे दातही खाल्लेले असतात. मग कॅसेटचे हजार ते अठराशे वेगळे. नवी चेन जुन्या कॅसेटवर घसरते, हे खोटं नाही. दर पंधरा दिवसांनी पट्टी लावली तर ही वेळ येत नाही.

ब्रेककडे बोटांनी पाहावं लागतं. चाक काढून रिम ब्रेकचा पॅड उजेडात धरा. काळ्या रबरात खडीचे कण आणि ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसतील. तेच कण रिमवर गोल रेघा ओढतात. सुईने एकेक कण उपटून काढा आणि सॅंडपेपरचा एक हात फिरवा. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. हे न केल्यास आधी पॅड जातो आणि मग रिम. पॅडची जोडी एका चाकाला शंभर ते तीनशे, रिम आणि नव्याने आरे विणायची मजुरी मिळून हजारांत. डिस्क ब्रेक असेल तर पॅड अडीचशे ते पाचशे, पण त्याच्या जवळपास तेलाचा थेंबही उडू देऊ नका.

आता मिस्त्रीचा प्रश्न. आपल्या नाक्यावरच्या जुन्या सायकल मिस्त्रीला कमी लेखू नये. चाकाची आउट काढणं, हब उघडून छर्रे आणि ग्रीस बदलणं, आरा बसवणं यात त्याचा हात नागपूरच्या चकचकीत दुकानातल्या पोरापेक्षा सरस असू शकतो. आउट काढायला शंभर-दोनशे, हबच्या कामाला चाकामागे दीडशे-तीनशे. मात्र हायड्रॉलिक ब्रेक, वाकलेला हँगर आणि बंद बेअरिंगची मधली धुरी यांना खास हत्यारं लागतात. ती त्याच्याकडे नसतील तर हातोडीने प्रयोग करू देऊ नका. अशा कामासाठी मोठ्या दुकानात पूर्ण सर्व्हिसिंगचे सहाशे ते पंधराशे पडतात, सुटे भाग वेगळे. पावसाळ्याच्या आधी नको, सप्टेंबरअखेर करा. जूनमध्ये केलेलं सर्व्हिसिंग ऑगस्टात धुऊन जातं.

पंक्चरवाल्याकडची अडचण वेगळी. त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं. रोड सायकलच्या ट्यूबला बारीक, टोकाला पितळी स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्यावर ते बसत नाही. पन्नास-शंभर रुपयांचा पितळी ॲडॉप्टर खिशात ठेवला की कुठल्याही गावात हवा मिळते. भरताना दाब सांगा, तो ट्रकच्या सवयीने भरतो. ओल्या रस्त्यावर नेहमीपेक्षा पाच-दहा पीएसआय कमीच ठेवा, पकड चांगली मिळते. पंक्चर काढायला तीस ते साठ रुपये. पण भर पावसात पॅच चिकटत नाही, म्हणून दोन सुट्या ट्यूब जवळ हव्यातच. पंक्चर झालेली ट्यूब घरी आणून कोरडी करून जोडायची. बाभळीचा काटा टायरमध्ये राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते, तेव्हा आतून बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय टायर चढवू नका.

एकदाच घ्यायच्या वस्तू

हेल्मेट बाराशेच्या आसपास, आत युरोपीय ईएन १०७८ किंवा अमेरिकी सीपीएससी प्रमाणाचं लेबल असलेलं. पुढचा-मागचा दिवा मिळून पंधराशे. गादीची चड्डी हजार. छोटा पंप सातशे, टायर काढायच्या पट्ट्या आणि पॅचचं किट दीडशे, दोन ट्यूब सहाशे, मडगार्ड पाचशे, दोन बाटल्या आणि त्यांचे स्टँड पाचशे. एकूण ६,१५०. एकदम जमत नसेल तर क्रम असा लावा: आधी मागचा लाल दिवा, हेल्मेट, मडगार्ड, मग पंप-ट्यूब, आणि चड्डी त्यानंतर. जुलैतल्या ढगाळ सकाळी सात वाजताही ट्रकवाल्याला मागून करडी सायकल दिसत नाही. तीनशे-चारशेचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. ब्रेव्हेत रात्री दिवे आणि चमकणारं जॅकेट सक्तीचंच असतं, तेव्हा हा खर्च वाया जात नाही.

मडगार्डला रोड सायकलवाले नाक मुरडतात. मुरडू द्या. पाचशेचं मडगार्ड चेनचं आयुष्य वाढवतं, पाठीवर चिखलाचा पट्टा उमटू देत नाही आणि मागून येणाऱ्या सोबत्याचं तोंड वाचवतं.

पूर्ण अंगाचा रेनकोट घेऊ नका. आतल्या घामाने तेवढंच भिजायला होतं. चारशे-आठशेचं पातळ विंडचीटर पुरतं. ओल्या चड्डीने मांड्या सोलतात, त्याला निघण्याआधी खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. फोनला जिपची प्लास्टिक पिशवी पुरते.

पॉवरमीटर तीस हजारांच्या पुढे, स्मार्ट ट्रेनर पंचवीस ते साठ हजार, ऑनलाइन प्रशिक्षक महिन्याला दोन ते सहा हजार. पहिली ब्रेव्हे व्हायच्या आत यातलं काहीही घेणं मला पटत नाही. पहिल्या वर्षी सुधारणा होते ती नियमित बसण्याने. छातीवर बांधायचा हृदयगतीचा पट्टा अडीच ते पाच हजारांत मिळतो, आकड्यांची हौस असेल तर तो घ्या. वयाची चाळिशी ओलांडली असेल किंवा रक्तदाब-साखर असेल, तर हे पैसे आधी डॉक्टरकडच्या तपासणीत घाला.

पडल्या-झडल्याची सोय

वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सायकलस्वाराने घेतली नसेल तर आश्चर्य आहे. वय १८ ते ७०, बँकेत खातं, एवढीच अट. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो आणि मुदत १ जून ते ३१ मे अशी असते. मेअखेर खात्यात शिल्लक नसेल तर नेमक्या पावसाळ्यात विमा बंद पडतो. पासबुकात नोंद पाहून घ्या. मात्र हात मोडला, प्लास्टर झालं, याचा खर्च ही योजना देत नाही. त्यासाठी आरोग्य विमाच लागतो.

मोटार वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्याला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. सायकलस्वारालाही ती लागू पडते, पण आपणच चिखलात घसरून पडलो तर नाही. म्हणून सोबत्याने गाडीचा नंबर टिपून ठेवणं महत्त्वाचं. रुग्णवाहिकेसाठी १०८, पैसे लागत नाहीत. खिशात एका कागदावर नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. कुलूप लागलेला फोन दुसऱ्याच्या कामाचा नसतो.

हे सगळं धरून जुलै ते सप्टेंबरचे तेरा आठवडे, त्यातले रेड अलर्टचे आणि पाहुण्यांचे तीन-चार वगळून नऊ-दहा शनिवार-रविवार हाती लागतात. सहाशेने गुणा. साडेपाच ते सहा हजार. एकदाच्या वस्तू धरून पहिल्या वर्षी बारा हजारांच्या आसपास, दुसऱ्या वर्षी निम्म्यात. लागोपाठ तीन आठवडे जोर केला की चौथा आठवडा हलका ठेवा. शरीराला तो लागतोच, खर्चही तेवढा कमी होतो. ब्रेव्हेची प्रवेश फी काही शे ते हजाराच्या घरात असते, ती आणि नागपूरला जाण्या-येण्याचा खर्च वेगळा.

शेवटचं काम बिलाचं. सायकल असो की नऊशेची चेन, छापील बिल मागा. 'बिलाशिवाय शंभर कमी' हा सौदा वॉरंटीच्या दिवशी महागात पडतो. फ्रेमची वॉरंटी बिल आणि फ्रेम नंबर पाहूनच मिळते. तो नंबर बहुतेक सायकलींवर पेडलच्या धुरीखाली कोरलेला असतो, आजच त्याचा फोटो काढून ठेवा, चोरीच्या तक्रारीतही तोच लागतो. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.